पॉइंट कुठे द्यायचा

ब्राह्मणपुरी, ता. शहादा
११ फेब्रुवारी २०२५

चि. धर्मेंद्र यास कामिनीताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं बरं. केळी चांगली पोसलीय, आप्पांचा खोकला गेला. फोनवरच बोलले असते, पण मी उचलला की तू आधी आप्पांनाच मागतोस.

दिवाळीपुरता फोन करणारा तू एकदम दर रविवारी 'आप्पा, मला स्लाइड रूल शिकवा' म्हणू लागलास. कॅल्क्युलेटर नव्हते तेव्हा कॉलेजातली पोरं गुणाकाराला वापरायची तसल्या दोन स्वस्त, सरकवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कुठून तरी मिळवल्यास, एक इकडे धाडलीस. साखर कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त झालेला आपला बाप तुझ्या व्हिडिओ कॉलसाठी सदरा बदलून बसू लागला. मला मात्र पहिल्यापासून वाटत होतं, कुठेतरी पाणी मुरतंय. हातात मोबाइल असताना इंजिनिअरला गुणाकाराला पट्टी कशाला? आणि प्रत्येक उत्तरानंतर मान खाली घालून काय लिहायचास?

मग तुझी बायको प्रतिभा बोलता बोलता बोलून गेली. बापाचं डोकं चालत नाही असं ठरलं, तर शेत विकायला मुलाची सही चालते का, हे तू वकिलाला विचारलंस म्हणे.

आप्पा विसरतात, हे खरं आहे. पट्टी नुसते आकडे दाखवते. चार पॉइंट आठ, अठ्ठेचाळीस की चारशे ऐंशी, ते आपण ठरवायचं. "पॉइंट पट्टीवर नही ऱ्हास, डोकामा ऱ्हास," हे त्यांनीच तुला सांगितलं. नेमके तिथेच ते अडायचे, आणि मी फोनच्या मागे उभी राहून बोटांनी खुणावायची. हो, रडीचा डाव खेळले. पुन्हा खेळेन.

परवा दूध उतू जाईल म्हणून मी उठले. तू बत्तीस गुणिले पंधरा विचारलंस. आप्पा म्हणाले, "चार पॉइंट आठ." तू म्हणालास, "बरोबर," आणि लिहून घेतलंस.

फोन ठेवल्यावर आप्पा म्हणाले, "मी मुद्दाम खोटं सांगं. तो पट्टी शिकी नही ऱ्हायना बेटी, मले मोजी ऱ्हायना."

खरंच मुद्दाम, की चूक झाकायला, ते मलाही कळलं नाही. पण तू शिकत नाहीयेस, त्यांना मोजतोयस, हे तुझ्या त्या 'बरोबर'वरून त्यांना पुरतं कळलंय. तेव्हापासून ताटावरून अर्धपोटी उठतात. मला तुझा फार राग आलाय, धर्मेंद्र. यायचं तर त्यांचा मुलगा म्हणून ये. सहीचे कागद घेऊन आलास, तर दारात मी उभी असेन.

आप्पांची मुलगी, आणि अजून तरी तुझी बहीण,
कामिनी