कावीळ: स्पर्धा कमी

७ एप्रिल २००८, शहापूर
वैशालीने आज सॉफ्टवेअर दाखवलं. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून पहिल्यांदाच ती सकाळी आंघोळ करून बसली होती, म्हणून मीही चष्मा लावून शेजारी बसले. एखादा शब्द टाकायचा. इंटरनेटवर किती लोक तो शोधतात आणि त्यावर किती जणांनी पानं लिहून ठेवलीत, ते येतं. शोधणारे पुष्कळ आणि लिहिणारे थोडे, की खूण हिरवी. तिथे आपलं पान उभं करायचं. बाजूला जाहिराती, त्यांचे पैसे आपल्याला.
"रिकामी जागा बघायची आणि शिरायचं, बस."
म्हटलं, हे तर आपल्याकडचे बिल्डर कधीचे करताहेत.

११ एप्रिल
दिवसभर शब्द. नाचणीचे पापड, लाल. हातसडीचा तांदूळ, लाल. म्हसा गावच्या जत्रेतली घोंगडी, कुणी शोधतच नाही. संध्याकाळी वै. किंचाळली. मला वाटलं विंचू.
कावीळ, घरगुती औषध. इंग्रजीत. हिरवं.
माणसांच्या दुखण्यात स्पर्धा कमी. वा!
लिहिणार कोण, तर मी. "तुझं इंग्लिश नन्सनी घासलेलं आहे, आई." बाबा कसाऱ्याला रेल्वेत खलाशी, आणि मुलगी घाटावरच्या कॉन्व्हेंटात. ते इंग्रजी जन्मभर कचेरीत साहेबांची पत्रं दुरुस्त करण्यात गेलं. एकाही साहेबाने कधी कौतुक केलं नाही. हुरळले, झालं.

१६ एप्रिल
जीपने डोळखांब. पलीकडच्या पाड्यात गंगूबाई कावीळीचं औषध देतात. फक्त रविवारी, उपाशीपोटी. पैसे घेत नाहीत, पाला कुठला ते सांगत नाहीत. सांगितलं तर गुण जातो. वै.ने तरी पाल्याचं नाव विचारलंच.
"नाव कशाला गो? तुला झालीय का?"
"मला नाही, लोकांना सांगायला."
"मंग लोकांना हिकडं धाड."
फोटोला मात्र नाय म्हणाल्या नाहीत. "अमेरिकेत दिसंल? थांब, पातळ बदलते."

१९ एप्रिल
लेख झाला. पाल्याचं नावच नाही तर लिहायचं काय? मग बाई, पाडा, डोंगर, रविवार, उपाशी पोट. दर परिच्छेदात 'कावीळ घरगुती औषध' आलंच पाहिजे, असा त्या यंत्राचा हुकूम. इतकं सफाईने बसवलं की कुठे शिवण दिसत नाही.
पहिलंच वाक्य मी लिहिलं होतं: आधी डॉक्टरकडे जा, रक्त तपासून घ्या. वै.ने ते सगळ्यात तळाला नेलं, त्या जागी आमचा फोन नंबर. "वर ठेवलं तर माणूस पान बंद करतो गं." भांडले. पण फार नाही. लेख बाहेर जायला हवा होता. मलाही.

५ मे
सर्चमध्ये आमचं पान पहिलं. वै. गुणगुणतेय. लोडशेडिंगलासुद्धा शिव्या नाहीत.

१८ मे, रविवार
सकाळी फोन: "आसनगावला उतरलोय, मॅडम, घर कुठं?" सिन्नरकडचं जोडपं. तो पंचविशीचा. बायको सरिता, पाचवा महिना, डोळ्यांत पांढरं असं काही उरलंच नाही. उंबऱ्यावरच बसली.
"पोटुशी बाईला कावीळ म्हणजे खेळ नव्हे. आत्ता ठाण्याला न्या, मोठ्या दवाखान्यात."
"पण मॅडम, तुम्हीच लिहिलंय ना?" त्याच्या हातात सायबर कॅफेत काढलेला कागद. माझं लिखाण.
"शेवट वाचलात?"
"दुसरं पान नाही काढलं. सगळं पहिल्यातच होतं की."

ऐकेना. मी जीपमध्ये त्यांच्याबरोबर बसले. वाटलं, दोन जीवांची बघून गंगूबाईच नको म्हणतील. अंगणात रांग. कल्याण, भिवंडी, कुठून कुठून. आमचीच कृपा.
"हिला देऊ नका," मी म्हटलं.
"तू कोण गो सांगणारी? फोटू काढून नेलास तवा बरी गोड होतीस!"
दिलं. सरिताने माझ्याकडे बघत गिळलं. नवरा गंगूबाईंच्या पाया पडला, मग माझ्या. पाय मागे घेतले, तरी पोचलाच.
परतीच्या वाटेवर ठाणं, ठाणं म्हणून घसा सुकला. "आता औषध झालंय ना, मॅडम." कसाऱ्याकडची गाडी पकडून गेले.

१९ मे
वै.ला म्हटलं, पान काढ.
"एका बाईसाठी?"
मी पुन्हा तेच म्हटलं. मग रडली. "आई, दुसरं काहीच हिरवं होत नाही गं माझं." काढलं. दुपारपासून पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलीय. जेवली नाही. सरिताच्या नवऱ्याचा मोबाइल बंद.

२४ मे
फोन लागला. म्हातारी बाई, सासू असावी.
"सरिता? नाशिकला नेलीय."
"दवाखान्यात ना?"
"नेलीय."
ठेवला. नेलीय म्हणजे कुठे? कशाला? शिकल्यासवरल्या बाईला नीट प्रश्नही विचारता येऊ नये!

२८ मे
पान काढलं, पण सर्चमध्ये ते आहेच. भलत्याच साइट्सनी उचलून आपापल्या नावावर लावलंय. एकाने गंगूबाईंच्या जागी गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला गोरा डॉक्टर बसवलाय. वाक्य न् वाक्य माझं. तळाची ओळ तेवढी कोणीच घेतलेली नाही. चोरांनाही अक्कल असते, काय घ्यायचं याची. वै. म्हणते, लिहायचं कुणाला, पत्तेच नाहीत. संताप येतो. तो तरी कोणावर काढू?

३० मे
आज सरिताच्या नवऱ्यानेच उचलला. आवाज ओळखला.
"मॅडम, एक मिनिट, डॉक्टर आलेत."
मोबाइल तसाच कुठेतरी ठेवला असावा. पंख्याची घरघर. लोखंडी खाट सरकवल्याचा आवाज. कोणीतरी रक्ताचं बोललं. चढवायचं की तपासायचं, कळलं नाही. मग एक बाई काहीतरी म्हणाली, बारीक आवाजात. सरिताच असेल. सरिताच असणार.
मी कानाला धरून बसले. वै. आतून उठून येऊन शेजारी उभी राहिली.
तेवढ्यात फोन कट झाला. तेव्हापासून लावतेय. रिंग जाते, उचलत कोणी नाही.