साफ केला, सही दयानंद

७ जुलै, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. वही शाम्पूच्या रिकाम्या कॅनमागं ठेवायची. माझ्यासंगं कामाला असणाऱ्या मल्लम्माची नजर तिथवर जात न्हाई.

कारण असं की आज मालक, आप्पा म्हणाले, नांदेडला दुसरं वॉशिंग सेंटर काढून राहिलो, दसऱ्याला उद्घाटन, तिथं मॅनेजर लागतो. म्हणताना माझ्याकडं बघितलं. मल्लम्माकडं पण बघितलं, पण ती मधी उभी होती म्हणून.

नांदेडहून आमचं इस्लापूर रेल्वेनं तीन तास. लातूरहून जायचं तर अख्खा दिवस जातो. सहा वर्षं झाली, मी इथं लोकांच्या गाड्यांचे टायर घासून राहिलो. सातवीत शाळा सोडली म्हणून. डोकं सोडलं नव्हतं. आईला फोन लावला, मॅनेजर झालो म्हणून सांगितलं, नांदेडच्या सेंटरचा पत्ता पण दिला. होणारच हाय, तर आधी सांगितलं काय अन् नंतर सांगितलं काय.

८ जुलै
आप्पांची एकच अट. खड्डा.

गाड्या धुतलेलं पाणी खड्ड्याच्या तीन कप्प्यांत जातं. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर येतं, तिसऱ्यातलं पाणी मोटर लावून परत गाड्यांवर. लातुरात टँकरचं पाणी, म्हणून ही कटकट. भिंतीवर रंगवून घेतलंय: दर सोमवारी तेल काढून ड्रममध्ये. पंधरा दिवसाला गाळ काढून, वाळवून, पोत्यात. नेणारी गाडी महिन्याला येते. बाहेर टाकायचं न्हाई. खिळ्याला वही टांगली हाय, साफ केला की तारीख अन् सही.

आप्पा म्हणाले, दया, ज्याला खड्डा सांभाळता येतो त्याला सेंटर सांभाळता येतं.
मनात म्हणलं, एवढंच?

१४ जुलै, सोमवार
तेल काढायचा दिवस. गाड्या लई होत्या. उद्या.

१५ जुलै
उद्या.

२१ जुलै, सकाळी ७
आज तेल अन् गाळ दोन्ही. ठरलं.

दुपारी ३
गाळ काढला. अर्धा कप्पा. कमरेखाली माणूस राहिलो न्हाई. मल्लम्मा म्हणाली, आधी वाळव, मग भर, ओल्यानं पोतं फाटतं. ही उदगीरकडची बाई, गाड्या आतून पुसती अन् मला बाहेरून शिकवती. वर कानडीत काहीतरी बोलली. चांगलं नसणार.

मग मला आयडिया आली. आमच्याकडं उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढून रानात टाकत्यात. काळाभोर. पुढच्या साली कापूस डोक्याला लागतो. हा गाळ तर त्याहून काळा. सेंटरच्या मागं आप्पांचं बेलाचं झाड हाय. सेंटर काढलं त्या दिवशी लावलेलं, रोज सकाळी चप्पल काढून त्याची पानं तोडत्यात, मग लिंगपूजा, मग शटर. बारा घमेली बुडाशी ओतली, वरून लाल माती पसरली. पोतं न्हाई, ड्रम न्हाई, गाडीची वाट बघणं न्हाई. श्रावण चार दिवसांवर आलाय. झाड डवरलं की आप्पांना सांगणार. तोवर सरप्राइज.

वास आला थोडा. खताला पण येतोच.

२२ जुलै
अंग ठणकून राहिलं. बसल्या बसल्या खिळ्याच्या वहीत दिवाळीपर्यंतच्या तारखा टाकल्या. प्रत्येकीपुढं साफ केला, सही, दयानंद. दसऱ्याची पण टाकली, सणालाही काम केलं असं दिसावं. मॅनेजर लोक असंच प्लॅनिंग करत्यात. आता फक्त साफ करायचं राहिलं.

२८ जुलै, पहिला श्रावण सोमवार
आप्पा म्हणाले, यंदा पानं पिवळी दिसून राहिली. मी म्हणलं, नवी पालवी यायच्या आधी असंच असतं. आप्पांनी मान हलवली. माझ्या शब्दाला वजन यायला लागलं.

११ ऑगस्ट
एक सर पांढरी गाडी घेऊन परत आले. दारावर रंगीत तेलकट रेघा. म्हणाले, गाडी धुवायला दिली होती का तळायला. मल्लम्मा सगळ्यांसमोर बोलली, दुसऱ्यातलं तेल तिसऱ्यात उतरलंय. आप्पांनी खिळ्याची वही काढली, आजपर्यंतचं पान बघितलं. म्हणाले, इथं तर दर सोमवारी साफ हाय. मल्लम्मा म्हणाली, आप्पा, गाडी वहीतल्या पाण्यानं धुत न्हाईत.

लई शहाणी. उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

१२ ऑगस्ट, सकाळी ९
उठलो.

१८ ऑगस्ट, शेवटचा श्रावण सोमवार
आप्पांनी बाजारातून बेल आणला. पिशवीतून काढताना कुणाकडं बघितलं न्हाई. मागच्या अंगणात पानांचा सडा पडलाय.
कारणं काढली. एक, समोरचा मोबाइल टॉवर. दोन, मल्लम्मा झाडाजवळ फडकी वाळत घालती. तीन, कुणाची तरी दृष्ट.

२ सप्टेंबर
मल्लम्मा माझ्या आधी येऊन डब्यानं तेल काढून ड्रममध्ये ओतत होती. विचारलं, तुला कुणी सांगितलं. म्हणाली, पाण्यानं. सरळ माझ्या कामात लुडबूड. तरी अडवलं न्हाई. हाताखालच्या माणसाला संधी द्यावी.

आईचा फोन. नवं लुगडं घेतलं, दसऱ्याला तुझं सेंटर बघायला येते. शेजारच्या धोंडाबाईला पण सांगून झालं.

१५ सप्टेंबर
आप्पांनी नर्सरीवाला बोलावला. त्यानं खुरप्यानं बुड उकरलं, माती नाकाला लावली अन् विचारलं, आप्पा, झाडाला इंजिन बसवायचं होतं का. सगळे हसले. आप्पा सोडून.

आप्पांनी पण माती हुंगली. हात न धुता वही काढली. आजचं पान बघितलं. मग पुढचं उलटलं. मग त्याच्या पुढचं.
मला म्हणाले, दया, दिवाळीला तू गावी जाणार ना. मी म्हणलं, हाव. म्हणाले, मग त्या सोमवारी इथं खड्डा साफ करून सही कोण केली.

मी तलावाच्या गाळाचं सांगायला गेलो. म्हणाले, तलावात गाड्या धुत्यात का तुमच्या गावात. वही परत खिळ्याला टांगली. ओरडले न्हाईत. ओरडले असते तर मला पण काही बोलता आलं असतं.

१६ सप्टेंबर
बुडाची माती काढून पोत्यात भरून राहिलो. चौदा पोती. ओलीच भरली, तीन फाटली. मल्लम्मानं सुई-दोरा आणून ठेवला.
आप्पा बघायला आले. झाडाखाली चप्पल घालून उभे राहिले.

२९ सप्टेंबर
मल्लम्मा नांदेडला गेली. मॅनेजर म्हणून. आप्पांच्या गाडीत, मांडीवर बेलाचं नवं रोप घेऊन. बाईमाणूस, सही करताना पण इंग्रजी येत न्हाई. मला पण येत न्हाई, पण मी शिकणार होतो.
आईला सांगायचं हाय. उद्या सांगतो.

३० सप्टेंबर
उद्या.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळपासून गाड्यांची रांग. फोन करायला हात कोरडा न्हाई.

२ ऑक्टोबर, दसरा, दुपारी १
आईचा फोन. नांदेडहून. सेंटरमधूनच.

पहाटेच्या गाडीनं निघाली होती. मल्लम्मानं तिला आपल्या खुर्चीत बसवलं, चहा दिला. आई म्हणाली, ही तुझी मल्लम्मा सांगून राहिली, लातूरचा खड्डा लई अवघड हाय, तो तुझ्याबिगर कुणाला जमत न्हाई, म्हणून मालकानं तुला तिथंच ठेवलं. खरं का रे?
मी म्हणलं, हाव.
म्हणाली, मग नीट कर बाबा. तुझ्या वाटणीचं सोनं हिच्याकडं ठेवून जाते. आपट्याच्या पानांबद्दल बोलत होती.

मागून आप्पांचा आवाज येत होता. त्यांनी ऐकलं असणार. तरी खरं सांगायला फोन मागून घेतला न्हाई.

संध्याकाळी ६
आज सेंटर बंद. मोटरीला हार घालून सगळे गेले. मी खड्ड्यात उतरलो. आधी दुसऱ्यातलं तेल ड्रममध्ये. मग पहिल्यातला गाळ, पत्र्यावर पसरून. मग तिसरा. चार तास लागले. तळाला फरशी निघाली. तिथं फरशी हाय हे मला ठाऊक नव्हतं.

हात धुतले. खिळ्याची वही काढली, पेन उघडलं.
आजची तारीख आधीच होती. पुढं लिहिलेलं, साफ केला. सही, दयानंद.