काटा खाली आणला

३ तारीख, सोमवार
ताईच्या गाडीचा टेम्परेचरचा काटा लालवर जाऊन बसतोय. शनिवारी तिला मुलाखतीला शेजारच्या शहरात जायचंय. मेकॅनिककडे नेते म्हणाली. मी घरात असताना? सौदा ठरला: गाडी मी नीट करायची, मग महिनाभर ती माझी. रस्ता नेईल तिकडे जाणार.

निदान लगेच झालं. इंजिन ठणठणीत, सेन्सर खोटारडा. आई म्हणाली, आधी पाणी बघ रे. आता आईला कोण सांगणार, हल्ली गाडीत पाणी नसतं, कूलंट असतं.

४, मंगळवार
व्हिडिओतला माणूस म्हणतो, रेडिएटरचा वरचा जाड पाइप इंजिनला मिळतो, तिथेच सेन्सर. पुढचा व्हिडिओ वाळवंटात तंबू कसा ठोकावा. तो जास्त गरजेचा वाटला. असे पाच पाहिले.

५, बुधवार
सेन्सर सापडला! वायर उपटली. हॉर्न मेला. म्हणजे तो नव्हे.

६, गुरुवार
खरा सापडला. अंगठ्याएवढा, पितळी. पान्याने काढला तर भोकातून गुलाबी पाणी भळाभळा. साचलेली घाण असणार. गेली ते बरं झालं. सेन्सर शर्टाला पुसून परत बसवला, गाडी चालू केली. काटा तळाला! हलायचं नाव नाही. आईने विचारलं, अंगणात हे गुलाबी काय सांडलंय? म्हटलं, इंजिनचं पोट साफ झालं. तिने कपाळाला हात लावला. कौतुकाला शब्द सुचले नसावेत.

७, शुक्रवार
आई पुन्हा: अरे, ते जे काय असतं ते घातलंस का? या घरात विज्ञानाला वाव नाही. ताईला काटा दाखवला. खूश. मी सॅक भरली.

८, शनिवार, सकाळ
ताईचा फोन, अर्ध्या वाटेतून. आधी वाफ, मग धूर, मग गाडी गप्प. मी एवढंच विचारलं, काटा कुठे होता? तळालाच होता, गधड्या, म्हणाली. म्हणजे माझं काम चोख.

संध्याकाळ
मुलाखत हुकली. गॅरेजवाला म्हणतो, सेन्सर पहिल्यापासून खरंच बोलत होता, कूलंटच कमी होतं. उरलेलं कुणीतरी सांडलं. कोरड्या सेन्सरला ताप कसा कळणार? इंजिन बाद.

ताई शब्दाची पक्की. किल्ली माझ्या हातावर ठेवली. महिनाभर तुझीच, म्हणाली. ढकलत ने.

९, रविवार
पहिल्या चढापर्यंत आलो. प्रवासाला सुरुवात झाली म्हणायला हरकत नाही.