कावळ्यांशी वैर

तिरुवल्लिकेणी, मद्रास
२८ एप्रिल १९६२

तीर्थस्वरूप दत्ताजीराव यांचे सेवेशी वेंकोबाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे मी सोडून. आपले गुडघे कसे आहेत? गाडीत बसवत नाही म्हणून तंजावराहून आपण धाकट्या बहिणीच्या वर्षश्राद्धाला आला नाहीत, ते एका परीने बरेच झाले. मेहुण्याची फजिती पाहायला इथे माणसे पुरेशी होती.

आमच्या सकवारची खोड आपल्याला ठाऊकच आहे. दर चैत्रात परसातल्या कढीलिंबावर तेनचिट्टूचे (अंगठ्याएवढे मध पिणारे पाखरू, ऐट मात्र कलेक्टरची) घरटे लटकायचे, आणि पिल्ले उडेपर्यंत ही मागल्या दारात राखणीला. घरट्याला कोळ्याची जाळी लागतात, म्हणून चैत्रात न्हाणीघरातली जळमटे काढायची मला मनाई. (उरलेले अकरा महिने त्याच जळमटांवरून बोलणी मीच खायचो.) गेल्या साली दुखण्यात तिने अंथरूण मागल्या दाराशी घालून घेतले आणि पडल्या पडल्या पाहत राहिली. जायच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावले. म्हटले, आता संसाराचे काही बोलेल. तर म्हणाली, “कावळ्यांना येऊ देऊ नका.” छत्तीस वर्षांत मला सांगितलेली ही शेवटची गोष्ट.

यंदा घरटे पुन्हा त्याच फांदीला. मग काय, मी छत्री घेऊन स्टूल टाकून बसलो. तारखात्यात तीस वर्षे काढली, कधी खिडकीबाहेर पाहिले नाही. आणि आता मादी किती वेळा कोळी घेऊन येते, खार कुठल्या भिंतीवरून उतरते, तांबड्या मुंग्या बुंध्याला कोणत्या बाजूने चढतात, सारे मला तोंडपाठ. करायला दुसरे होते काय? घर खायला उठते हो. कावळा दिसला की छत्री फाडकन उघडायची आणि धावून जायचे. पण कावळा माणसाचे तोंड विसरत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. दूध आणायला निघालो की चौघे-पाचजण डोक्यावर घिरट्या घालत कोविलाच्या (इकडे देवळाला कोविल म्हणतात) तळ्यापर्यंत पोचवायला येत. टकलावर दोन खोका आहेत, आल्यावर दाखवीन.

आणि माझ्या अकलेचे दिवाळे पाहा. बावीस दिवस ज्यांना हाकलले, त्यांनाच तेविसाव्या दिवशी जेवायला बोलवायचे आहे, हे या टाळक्यात शिरलेच नाही. चिरंजीव राघोत्तम आवडी गावाहून (मद्रासबाहेर, तिथे त्याची सरकारी नोकरी) आला होता, त्याने पिंड परसाच्या भिंतीवर ठेवला. सगळ्यांनी का का करून घसे फोडले. कावळे शेजारच्या शेवग्यावर ओळीने बसून माझ्याकडे पाहत राहिले. वादिराज भटजी म्हणाले, मृतात्म्याची काही इच्छा राहिली आहे. झाले! कन्या महालक्ष्मीने अंबाबाईला पातळ कबूल केले. सूनबाईने शुक्रवार धरले. भटजींनी स्वतःहूनच गाय सुचवली. मी तपकीर सोडली. (कावळा आला नाही तो नाहीच, तपकीर मात्र गेली.) दुपारचे दोन वाजले, पोटात अन्न नाही, आणि सगळे माझ्याकडे असे बघू लागले की या माणसाने तिला सुख दिले नाही हे आज उघडच झाले. कारण मला ठाऊक होते, पण बोललो नाही. चारचौघांत हसे होईल म्हणून, आणि खरे सांगतो, भीतीही वाटली. कावळे न येण्याचे कारण मी नसेनच, खरोखरच तिचे काही राहून गेले असेल तर?

डोळ्यांत होमाचा धूर गेला असे सांगून मी आत गेलो. माझी पाठ वळली आणि बाहेर राघोत्तम मोठ्याने म्हणाला, “आई, अण्णांना मी आवडीला नेतो.” कावळा टपकन आला. सगळे कसे तृप्त होऊन जेवले! येत्या गुरुवारी माझी ट्रंक आवडीच्या सरकारी क्वार्टरात जायची आहे. तिथे परस नाही, मागे सिमेंट आहे.

गुडघ्यांना तेल लावीत जावे. वडिलांस मी अधिक काय लिहावे.

आपला,
वेंकोबा

ता. क. पत्राचे कारण हेच. आपण मामा, राघोत्तम आपला शब्द खाली पडू देत नाही. मी आत गेलो म्हणून कावळा आला, तुझ्या बोलण्याने नव्हे, असे त्याला परत टपालाने लिहावे. सकवारला कावळ्यांचा काडीचा भरवसा नव्हता, हे भाऊ या नात्याने आपण लिहू शकता.

पुन्हा ता. क. पाकीट बंद करणार तोच राघोत्तम आला. म्हणतो, ते बोलणे त्याचे नव्हते. जायच्या आदल्या दिवशी, मला जवळ बोलावण्याआधी, सकवारने मला आवडीला न्यायचे तेवढे वचन त्याच्याकडून घेतले होते, आणि मला विचारायचा धीर त्याला वर्षभर झाला नाही. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. पिल्ले आज सकाळी उडाली, दोन्ही. आवडीला कावळे आहेत का विचारले, तर पुष्कळ आहेत म्हणाला. छत्री मी इथेच ठेवून जातो. तिथल्या कावळ्यांशी वैर नको; पुढल्या साली तिला ताटकळत ठेवायचे नाही.