आईचं हसू

फिलाडेल्फिया, मार्च १९५७

प्रिय ओडेसाताई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा खोकला कमी झाला का?

गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या काळ्या मोलकरणीवरचं आमचं नाटक जोरात चाललंय. ती भूमिका थेल्माला मिळाली, मला शेजारणीची दोन वाक्यं. मालकिणीने हाक मारली की आपली आई कशी उभी राहायची, हे थेल्माने माझ्याकडूनच शिकून घेतलं. आता ते बघून सगळं थिएटर रडतं आणि मी विंगेत जळत उभी असते.

काल तिने विचारलं, "आणि घरी आल्यावर हसायची कशी गं?"

मी म्हणाले, "आई कधी हसलीच नाही."

खोटं बोलले, ताई. तेवढं तिला द्यायचं नव्हतं. तुला आठवतं ना ते हसू?

तुझीच,
लव्हिनिया