अकरा नोंदींतलं नाव

अंतरवाली सराटी, ता. अंबड
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय इरम,

तुला, अब्बूंना आणि रहिमाबी दादींना माझा सलाम. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा दुखतो, पण तोंड थांबत नाही. दर रविवारी विचारते, "इरम न्हाई आली का गं? तिच्यासाठी ठेचा करून ठेवला." मी पोटची पोरगी, मला उरलासुरला मिळतो.

हसू नकोस, खरं तेच सांगतेय.

पत्र पाहून नवल वाटेल तुला. मोबाईलवर तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. कागदावर खोडलेलंही दिसतं, म्हणून कागद घेतला. भुजंगदादा उद्या जालन्याला निघालाय, तो तुमच्या दुकानावर आणून देईल.

सोमवारी तू फोनवर म्हणालीस, "सत्या, माझ्याच हातून काही गडबड झाली असंल. प्रबंधाच्या तीनशे नोंदी एकेक करून चेक करून राह्यले." मी म्हटलं, "जेव आधी." आणि फोन ठेवला.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या लायब्ररीत तूच मला ते संदर्भांचं सॉफ्टवेअर शिकवलंस. मी तेव्हा पुस्तकांची नावं वहीच्या मागच्या पानावर लिहायची आणि वहीच हरवायची. तू म्हणालीस, "नोंद एकदाच करायची, पण बराबर करायची. मंग प्रबंधात तळटीप आपोआप येते. नोंद चुकली की पानोपानी चूक." आपण दोघींचा एक सामाईक संग्रह केला. तुझा विषय सीडप्लॉटवर बियाण्यासाठी कपाशीच्या फुलांचं हातानं क्रॉसिंग करणाऱ्या बायका, माझा विषय त्यांच्या पोरींची शाळा. तुझी चार वर्षांत सात प्रकरणं झाली. माझं दुसरं अजून लोंबकळतंय. आपले गाईड धर्मराज सर दर भेटीत म्हणतात, "इरमकडे बघा जरा." बघून बघून माझे डोळे दुखायला लागले.

तरी ते मी गिळलं असतं. केशरमावशीचं नाही गिळता आलं.

आमच्या गावातल्या अकरा बायकांकडे तुला मीच घेऊन गेले. मावशीच्या वेळी तू म्हणालीस, "तू बाहेर बस, घरचं माणूस समोर असलं की बाया बोलत न्हाईत." मी ओट्यावर दीड तास शेंगा सोलत बसले. डिसेंबरात संग्रहातलं ते रेकॉर्डिंग ऐकलं. मावशी सांगत होती, "कपाशीच्या शेजारच्या वळीत सत्तार मिस्त्रीची बायको होती. तिचा हात लई चालायचा. क्रॉसिंग केलेल्या फुलाला दोरा बांधायचा आन् सांजच्याला मालक दोरे बघायचा. रोज तिचीच वाहवा. एक दिवस म्या तिच्या वळीतले दोरे सोडून टाकले. मालकानं तिला कामचोर म्हणून हाकलली. म्या गप बसले. अजून गपच हाय."

अठ्ठावीस वर्षं मी त्या बाईच्या मांडीवर वाढले, इरम. मला कधी एका अक्षरानं बोलली नाही. तुला दुसऱ्या भेटीत सांगितलं. माझ्या जिवाची नुसती आग झाली. आई तुझी, सर तुझे, आता मावशीसुद्धा तुझी?

त्याच दिवशी दुपारी मी संग्रह उघडला. मावशीच्या नोंदीत 'मुलाखत घेणारी' या ठिकाणी तुझं नाव होतं. ते काढून माझं घातलं. मंग बाकीच्या दहा. गाव माझं, माणसं माझी, असं स्वतःशी म्हणत होते. एवढ्यानं कोणाचं काय बिघडतं, हेही म्हटलं. तुझ्या प्रबंधात ते जाऊन बसेल हे लक्षात आलं नव्हतं, असं लिहिणार होते. आलं होतं.

तू प्रत काढून सरांना दिलीस आणि त्यांनी मला बोलावलं. अकरा तळटिपांवर बोट ठेवून विचारलं, "सत्यशीला, या मुलाखती तुम्ही घेतल्यात?" मी म्हटलं, "सर, गाव आमचंच आहे." खोटं काहीच बोलले नाही बघ. सरांनी तुझ्या प्रबंधावरची सही अडवली. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणारी, असा तुझ्यावर संशय घेतला आणि मी खुर्चीत बसून ऐकलं. अठ्ठावीस तारखेला तुझी प्रबंध जमा करायची मुदत संपते हे मला तोंडपाठ होतं.

काल मावशीकडे गेले. विचारलं, "मला का न्हाई सांगितलं कधी?" ती ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "तू घरची. घरच्याला सांगितलं की रोज तोंड दाखवाया लागतं." मंग तिनंच विचारलं, "त्या इरमच्या कामाचं काय झालं?" मी तशीच उठले. घरी आले आणि नोंदी उघडल्या. तेव्हा दिसलं, खाली बारीक अक्षरात प्रत्येक नोंदीत लिहिलेलं आहे: शेवटचा बदल कोणी केला. अकराही ठिकाणी मीच.

आणि मंग आठवलं, ती बारीक अक्षरं वाचायला मला तूच शिकवलं होतंस. म्हणजे सोमवारी तुला ठाऊक होतं. तरी म्हणालीस, माझ्याच हातून झालं असंल. मला कबूल करायला वाट मोकळी ठेवलीस आणि मी म्हटलं, जेव आधी.

तुझ्या या मोठेपणाचाही मला हेवा वाटतोय, इरम. हेवा गेला असं लिहून तुला फसवणार नाही.

अकराही नोंदी दुरुस्त केल्यात. आधी त्या बारीक अक्षरांचे फोटो काढले, मग नावं बदलली. फोटो आणि सगळं कबूल केलेला अर्ज आज दुपारी अंबडला जाऊन सरांना पाठवला. तो पाठवला त्यानंतरच हे पत्र लिहायला बसले. अर्जाची नक्कल सोबत आहे. सर मला ठेवतील की काढतील ते त्यांचं ते बघतील. तू फक्त तळटिपा ताज्या करून नवी प्रत काढ. आठ दिवस आहेत, पुरतात.

संग्रहाची मालकीण तू आहेस. मला त्यातून काढायचं असेल तर काढ, विचारू नकोस.

आईला अजून सांगितलं नाही. रविवारी ती तुझं नाव काढेल तेव्हा सांगेन. ठेचा भुजंगदादाबरोबर दिलाय. यावेळी चाखूनही पाहिला नाही.

केशरबाईची भाची,
सत्यशीला