भिंगरीचं जेवण, माझ्या पद्धतीने

३ मार्च, सोमवार. सकाळी ७

बायको ट्रेनिंगला गेली. ती नर्स आहे, हॉस्पिटलने आठ दिवसांसाठी दुसऱ्या शहरात पाठवलंय. भिंगरी माझ्या ताब्यात. वय वीस महिने, दात बारा. भिंगरी हे पाळण्यातलं नाव नाही, पण पाळण्यातल्या नावाला ती ओ देत नाही.

बायकोने सूचनांचा कागद फ्रिजला चिकटवलाय. वाचला नाही. भिंगरीच्या जेवणाच्या वेळचा तमाशा मी रोज बघतो. तास तास चालतं. भिंतीवर भात, केसांत दही. कारण एकच, शिस्त नाही. मी मुळात शांत माणूस. आवाज न चढवता काम करून घेतो. शिवाय माझी स्वतःची लाँड्री. डागांची भीती मला घालू नये.

ध्येय : पंधरा मिनिटांत जेवण, डाग शून्य.

रात्री ८

पंचेचाळीस मिनिटं. पहिल्या दिवसाच्या मानाने उत्तम. डाग मोजले नाहीत.

४ मार्च, मंगळवार

बीट उकडून कुस्करलं. बीट रक्त वाढवतं.

तिसऱ्या घासाला भिंगरीने स्टीलची वाटी उचलून माझ्या कपाळावर मारली. नेम चांगला आहे. भुवईपाशी फुटलं. पांढऱ्या शर्टावर बीट किती आणि रक्त किती, हे मलाही सांगता येईना. अठरा वर्षं या धंद्यात आहे. दोन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, भांडण झालं का? म्हटलं, कपाटाचं दार लागलं.

मी अजिबात चिडलो नाही. फक्त वाटी खिडकीबाहेर टाकली. वरच्या मजल्यावरच्या बाई ती आणून देताना म्हणाल्या की खाली माणसं चालतात, जरा बघत जा.

उद्यापासून प्लास्टिकची वाटी.

५ मार्च, बुधवार. दुपारी

तिला दुकानात नेलं. काउंटरवर बसवून उकडलेलं अंडं. चार लोकांत मुलं नीट वागतात, असा माझा अनुभव आहे. (अनुभव दुसऱ्यांच्या मुलांचा.)

अंड्याचा पिवळा गोळा काउंटरवर घडी घालून ठेवलेल्या, बँकेच्या मॅनेजरबाईंच्या क्रीम रंगाच्या सुटावर. बाई समोरच उभ्या. अंड्याच्या डागाला गरम पाणी लावायचं नसतं, तो शिजून कापडात बसतो. हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. घाईत वाफेची इस्त्री मीच फिरवली. बाई जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

तेवढ्यात भिंगरी इस्त्रीवाल्या काकांच्या अंगठ्याला चावली. काका माझ्या वडिलांच्या काळापासून दुकानात आहेत, इस्त्रीचे चटके मुकाट सोसतात. आज ओरडले. मग अंगठा चोखत म्हणाले, “अहो मालक, तिच्या हातात द्या की. सांडू दे, खाऊ दे.”

म्हटलं, काका, तुम्ही कपडे बघा.

६ मार्च, गुरुवार

नवी पद्धत. मांडीत घट्ट धरायचं, टॉवेलात हात गुंडाळायचे, नाक दोन सेकंद दाबायचं. तोंड उघडतंच. साधं शास्त्र आहे.

चार चमचे गेले. पाचव्याला सगळे परत आले, माझ्या छातीवर. काचेची प्लेट माझ्या डाव्या हातून निसटली; मी डावखुरा.

नंतर पाहिलं तर समोरच्या भिंतीचा पोपडा उडालाय. निसटलेली प्लेट एवढी लांब जाते, हे ठाऊक नव्हतं. भिंगरीला लागलं नाही. काचेचा एक तुकडा तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. लागलं नाही, हे दोनदा तपासलं.

तिच्या मनगटांवर लाल ठसे होते. बिटाचे असणार. साबणाने धुतले. गेले नाहीत. अर्ध्या तासाने आपोआप गेले. आज बीट केलं नव्हतं.

बायकोचा फोन. जेवते का नीट? म्हटलं, अगदी गोगलगाय झालीय.

७ मार्च, शुक्रवार

विजय! जेवण अकरा मिनिटांत. बिब कोरं करकरीत, फरशी स्वच्छ, टेबल पुसावंही लागलं नाही.

खाल्लं नाही हे खरं. पण फेकलंही नाही. ओठ मिटून समोर बघत बसली. मी चमचा उचलला की दोन्ही हात डोक्यावर घेते. नवा खेळ शिकलेली दिसते. मीही हात डोक्यावर घेऊन दाखवले. हसली नाही.

संध्याकाळी तेच. बायको असताना मी असा शांत जेवलेलो नाही. मलाही फारसं गेलं नाही.

८ मार्च, शनिवार

सकाळी तेच. दूध घेतलं, तेही मी खोलीबाहेर गेल्यावर.

दुपारी तिच्या उंच खुर्चीला लाथ मारली. खुर्ची रिकामी होती, हे नोंदवून ठेवतो. खुर्चीचा एक पाय मोडला, माझं एक बोट. खुर्ची निकृष्ट दर्जाची होती. भिंगरी टेबलाखाली गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी खाली वाकून गोड आवाजात हाका मारल्या. ती आणखी आत सरकली. शेवटी मी दाराबाहेर जाऊन बसलो, तेव्हा आली.

बोट सुजून वांग्याएवढं.

९ मार्च, रविवार

लंगडत दुकानात. रविवारी बंद असतं, पण मॅनेजरबाईंच्या सुटाचं काहीतरी करायला हवं. काकाही आले होते. दुपारी ते जमिनीवर डबा उघडून बसले. भात आणि दही. भिंगरी माझ्या मागून निघाली, त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

काकांनी डबा तिच्याकडे सरकवला. खात होती, सांडत होती, पुन्हा खात होती. दोन दिवसांची भूक. कान, मान, फ्रॉक, काकांचं धोतर, सगळं दही. मी कपडा घेऊन पुढे झालो, तर घास तसाच हातात धरून ती थांबली. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “मालक, जरा बाहेर उभे राहता का?”

माझ्याच दुकानातून.

उभा राहिलो. ऊन फार होतं. काचेतून दिसत होतं.

काकांची पद्धत चुकीची आहे, पण तूर्त चालू ठेवायला हरकत नाही.

१० मार्च, सोमवार

सुटाचा डाग निघाला नाही. बाईंना नवा सूट द्यावा लागणार.

भिंगरी दोन्ही वेळा काकांबरोबर जेवली. मी बाहेर.

११ मार्च, मंगळवार

बायको आली. आधी टाके बघितले, मग बोट, मग भिंत, मग खुर्ची. मी क्रमाने सांगितलं : कपाट, जिना, ओल, निकृष्ट दर्जा. पटलं असावं.

बॅग ठेवून ती जमिनीवर बसली. भिंगरी तिला खेळ दाखवायला लागली. बाहुलीला मांडीत घट्ट धरलं. टॉवेलात गुंडाळलं. चमचा तोंडावर आपटला. बाहुलीचं तोंड काही उघडेना, तेव्हा पाय धरून तिला फरशीवर हाणलं. एकदा, दोनदा. आणि ओरडली, “गीळ! गीळ! माल खाती?”

तीन शब्द, सुरेख जोडलेले. र चा अजून ल होतो. आजवर ती फक्त “आई” आणि “बू” म्हणायची.

बायकोने विचारलं, “हे कुठं शिकली?”

काकांचं नाव जिभेवर आलं होतं. दुकानातली माणसं, काय काय बोलतात, असं वाक्यही तयार होतं. तेवढ्यात भिंगरी चमचा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. डावा हात वर उचललेला. कुणाचा हात असा उचलला जातो ते बायको माझ्याकडे बघून ओळखत होती.

“गीळ,” भिंगरी म्हणाली.

मी तोंड उघडलं. चमच्यात काहीच नव्हतं. गिळलं.